पाणी मारायचं की नाही?

‘विजेच्या आगीवर पाणी नको’ हा नियम आपण लहानपणापासून ऐकतो. आता या नियमाचं एक प्रकरण पाहू.

अमेरिकेतल्या अलाबामामधलं ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्र. २२ मार्च १९७५ची दुपार. नियंत्रण कक्षाच्या खालच्या खोलीत हजारो केबली येतात आणि तिथून भिंतीतल्या भोकांमधून अणुभट्टीच्या इमारतीत जातात. त्या भोकांतून हवा गळते का, हे कामगार तपासत होते. कशानं? तर पेटत्या मेणबत्तीनं! ज्योत झुकली की गळती आहे. हसू नका, तिथली ती रोजची पद्धत होती. ज्योत झुकली, भोक बुजवायचा फोम पेटला, आणि हवेच्या ओढीनं आग भिंतीपलीकडे गेली.

वर नियंत्रण कक्षात पंप आपोआप सुरू होऊ लागले, दिवे वेड्यासारखे लागू-विझू लागले. १ नंबरच्या भट्टीची आणीबाणीची थंड करायची यंत्रणाच निकामी झाली. दुसऱ्याच कामाचे पंप वापरून ती भट्टी सांभाळली गेली.

खालच्या खोलीतली आग कार्बन डायऑक्साइड आणि कोरड्या पावडरीनं काही तासांत आटोक्यात आली. पलीकडची मात्र हटेना. वायू हवा बाजूला सारतो, पण केबलींच्या जुडग्यात आत धुमसणारा निखारा थंड करत नाही. हवा परतली की पुन्हा पेट. जवळच्या अथेन्स गावच्या अग्निशमन प्रमुखांनी लवकरच सांगितलं होतं, पाणी मारा. केंद्राचे अधिकारी तयार होईनात. त्यांची भीती खुळी नव्हती बरं का: जिवंत तारेवर पाणी म्हणजे माणसाला झटका, आणि ज्या थोड्या तारा अजून भट्टी सांभाळत होत्या त्याही शॉर्ट व्हायच्या.

आम्ही तर्कशास्त्र शिकवत आलो, म्हणून आम्हाला इथे घोळ शब्दात दिसतो. ‘विजेची आग’ ही षष्ठी फसवी आहे. वीज जळत नाही. जळतं ते तारेवरचं प्लास्टिक. वीज हा धोका आहे, इंधन नव्हे. नियम धोक्याबद्दल होता, तो इंधनाबद्दल समजला गेला.

संध्याकाळी सहानंतर अखेर परवानगी मिळाली. पाणी पडलं आणि सात तासांची आग थोड्याच वेळात विझली. १,६००हून अधिक केबली जळाल्या, जीव कुणाचा गेला नाही. पुढे १९८०मध्ये अमेरिकेत नियम आले: सुरक्षेच्या दोन पर्यायी केबली एकाच आगीच्या तावडीत सापडतील अशा ठेवायच्या नाहीत. मेणबत्ती तर केव्हाच गेली होती.