मुक्कामाची गाडी

‘एस.टी.’ ही इंग्रजी आद्याक्षरे आता मराठीच झाली आहेत. या सेवेचा इतिहास चाळताना आम्हांला एकच प्रश्न पडतो: तिचा जमाखर्च नेमका कोणत्या वहीत मांडावा?

पूर्वी खेड्यांची वाहतूक खाजगी मोटारमालकांच्या हाती होती. गाडी भरली की सुटे, आणि उतारू मिळतील तिथेच जाई. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने या धंद्याला काहीशी शिस्त लागली. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने हे काम स्वतःकडे घेतले. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, पहिली एस.टी. धावली. निजामाच्या राज्यात अशी सेवा १९३२ सालीच २७ गाड्यांनिशी सुरू झाली होती. विदर्भातही प्रांतिक सेवा होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हे प्रदेश मुंबई राज्याला जोडले गेले. १९६० मध्ये महाराष्ट्र झाल्यावर या तिन्ही प्रवाहांचे एकच महामंडळ झाले.

‘रस्ता तिथे एस.टी.’ हे ब्रीद खरे केले ते मुक्कामाच्या गाडीने. ती संध्याकाळी शेवटच्या गावी पोहोचते. चालक-वाहक तिथेच रात्र काढतात आणि पहाटे विद्यार्थी, रुग्ण, भाजीच्या पाट्या घेऊन तालुक्याला निघतात. शहरात शिकणाऱ्या मुलांचे घरचे डबेही याच गाडीने जात. हिशेबाच्या वहीत ही फेरी तोट्याचीच. तो तोटा गर्दीच्या मार्गांच्या उत्पन्नातून भरून निघे. पुढे त्याच मार्गांवर खाजगी गाड्या उतरल्या. उत्पन्न वाटले गेले, आडगावचे कर्तव्य मात्र एस.टी.च्याच वाट्याला राहिले.

ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात, शासनात विलीनीकरणाच्या मागणीसाठी कर्मचाऱ्यांचा संप झाला. त्यांच्या व्यथा खऱ्या होत्या. आणि गाडी थांबली की आडगावचे काय होते, हेही त्या महिन्यांत दिसले. पुढे २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास आणि २०२३ मध्ये महिलांना निम्मे भाडे मिळाले. ग्रामीण विद्यार्थिनींसाठी अहिल्याबाई होळकर यांच्या नावाची मोफत पास योजना तर त्याआधीपासूनच होती.

त्या पासावर शिकून एखादी मुलगी परिचारिका होते, शिक्षिका होते. ही जमा आगाराच्या वहीत कुठेच दिसत नाही. म्हणून तोट्याची फेरी बंद करण्यापूर्वी दुसरी वहीही उघडावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.