भरपाई ही मेहेरबानी नव्हे



आपल्या गावातली माणसं कामासाठी बाहेर जातात. कुणी बांधकामावर जातं, कुणी कारखान्यात, कुणी ऊसतोडीला. मग एखाद्या दिवशी फोन येतो. कुणाची बोटं यंत्रात गेलेली असतात, कुणी परांचीवरून पडलेलं असतं. चार दिवसांनी ठेकेदाराचा माणूस घरी येतो, वीस-पंचवीस हजार हातावर ठेवतो आणि म्हणतो, "मालकांनी माणुसकी दाखवली." सोबत एक कागद असतो आणि त्यावर अंगठा हवा असतो.

आज आम्ही या पैशाचा इतिहास सांगणार आहोत. तो ऐकला की कळेल, हा पैसा माणुसकीचा नाही, हक्काचा आहे. आणि हा हक्क पहिल्यांदा मागणारी माणसं आपल्यासारख्याच गावांमधून आलेली होती.

मुंबईत कापड गिरण्या सुरू झाल्या त्या १८५० नंतरच्या काळात. कोकणातून, सातारा-पुण्याकडून माणसं तिकडे गेली. बायाही गेल्या. गिरणीत पहाटेपासून अंधार पडेपर्यंत काम चाले. फिरत्या पट्ट्यात हात सापडला तर कामगार घरी आणि पगार बंद. १८५५ सालचा एक कायदा होता. त्यात माणूस दगावला तर वारसांना कोर्टात जाता येई. पण मालकाची चूक होती हे वारसांनीच सिद्ध करायचं. गिरणीतल्या माणसाची विधवा साक्षीदार कुठून आणणार, आणि वकील कुठून?

पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात कन्हेरसर हे गाव आहे. तिथलं मूळ असलेले नारायण मेघाजी लोखंडे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि एक अर्ज तयार केला. त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या-अंगठे केले. अर्जात आठवड्याची सुट्टी मागितली होती, दुपारची अर्धा तास विश्रांती मागितली होती, पगार वेळेवर मागितला होता. आणि आणखी एक मागणी होती. कामावर जखम झाली तर बरं होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि कायमचं अपंगत्व आलं तर पोटापाण्याची सोय व्हावी. त्याच वर्षी जर्मनीत अपघात विम्याचा कायदा झाला. म्हणजे आपले कामगार जगाच्या मागे नव्हते.

१८९० च्या एप्रिलमध्ये मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषण केलं. त्या काळी चार माणसांत बाईनं तोंड उघडणंही कठीण होतं, हे ध्यानात घ्या. पुढे १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. भरपाईची मागणी मात्र तशीच राहिली.

ती पूर्ण व्हायला चाळीस वर्षं लागली. पहिल्या महायुद्धानंतर संप वाढले, कामगार संघटना उभ्या राहिल्या, आणि १९२३ साली कामगार नुकसानभरपाई कायदा झाला. तो १ जुलै १९२४ पासून लागू झाला. या कायद्यानं जुनी रीत उलटी केली. मालकाची चूक सिद्ध करायची गरज उरली नाही. कामामुळे आणि काम चालू असताना अपघात झाला, एवढं पुरे. जखमी माणूस दारू प्यायला होता, असे काही अपवाद मालकाला सांगता येतात. पण माणूस दगावला असेल तर तेही चालत नाहीत.

मैत्रिणींनो, या कायद्यातली कलमं म्हणजे बुजवलेल्या पळवाटा आहेत. एकेक पाहू.

मालक म्हणतो, "तो ठेकेदाराचा माणूस, माझा नाही." कायदा म्हणतो, आपल्या धंद्याचं काम ठेकेदाराकडून करून घेतलं तरी मूळ मालक भरपाईला बांधील आहे.

मालक म्हणतो, "तिनं लिहून दिलंय, आता काही मागणं नाही." कायदा म्हणतो, हक्क सोडून दिल्याचा असा करार रद्दच आहे.

मालक म्हणतो, "मृताच्या बायकोला रोख दिले." कायदा म्हणतो, मृत्यूची भरपाई आयुक्तांकडेच जमा करायची. परस्पर हातावर ठेवलेली रक्कम भरपाई धरली जात नाही. आयुक्त ती वारसांत वाटून देतात. विधवेचा पैसा दीर-भावकीनं किंवा मुकादमानं मध्येच गिळू नये, म्हणून हा बंदोबस्त.

मालक म्हणतो, "दावा करायचा तर शहरात ये." ही अडचण फार जुनी. जखमी कामगार गावी परतला की दावा तिथेच संपायचा. १९९५ च्या दुरुस्तीनं ती दूर झाली. आता अर्जदार राहते त्या भागातल्या आयुक्तांकडेही दावा करता येतो.

रक्कम किती? समजा, महिना १०,००० रुपये मजुरी असलेला ४० वर्षांचा माणूस कामावर दगावला. मजुरीची निम्मी रक्कम, म्हणजे ५,०००, गुणिले त्या वयाचा आकडा १८४.१७. होतात ९,२०,८५० रुपये. आता ते वीस-पंचवीस हजार आठवा. मालकानं महिनाभर टाळाटाळ केली तर वर व्याज आणि दंडही लागू शकतो.

२०२० साली संसदेनं केलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत हा जुना कायदा घेतला आहे. तेव्हा अर्ज करताना आज कोणता नियम लागू आहे ते वकिलाला विचारा. जिथे पगारातून ईएसआयची वर्गणी कापली जाते, तिथे लाभ ईएसआयकडून मिळतो.

वकिलाची फी कुठून आणायची, हा प्रश्न १८५५ च्या विधवेला होता. आपल्याला तो नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार प्रत्येक स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते. फोन नंबर आहे १५१००.

गटानं काय करावं? बाहेर कामाला जाणाऱ्या प्रत्येकीकडून मालकाचं नाव, ठेकेदाराचं नाव, कामाचं ठिकाण आणि मजुरी एका वहीत लिहून घ्यावी. अपघात झाला तर दवाखान्याची चिठ्ठी, पोलिसांचा कागद, हजेरीचा किंवा पगाराचा पुरावा आणि सोबतच्या दोघींची नावं जपावीत. दावा दोन वर्षांच्या आत करायचा असतो. योग्य कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नये.

आणि वाचून समजल्याशिवाय कुठल्याही कागदावर अंगठा देऊ नये. १८८४ साली कामगारांनी अंगठे दिले ते हक्क मागण्यासाठी. आपला अंगठा हक्क सोडण्यासाठी जाऊ नये.