नळी, पिशवी आणि प्रवास : एका उपेक्षित साधनाचा इतिहास

वैद्यकाचा इतिहास लिहिताना आपले लक्ष सहसा मोठ्या शोधांकडे जाते. रुग्णाच्या अंगावर दिवसरात्र राहणाऱ्या साध्या साधनांची नोंद मात्र क्वचितच होते. लघवीची पिशवी हे असेच एक साधन होय. मूत्राशयात नळी घालण्याची कल्पना फार जुनी आहे. परंतु अशी नळी असलेला मनुष्य अंथरुणातून उठून घराबाहेर केव्हा पडू शकला, हा प्रश्न निराळा आहे. ठाणे व कल्याण-डोंबिवली या परिसराचा संदर्भ घेऊन त्याचा विचार करण्याचे प्रस्तुत लेखात योजिले आहे.

प्रारंभ सुश्रुतसंहितेपासून करणे उचित ठरेल. तीत १०१ यंत्रे सांगितली असून त्यांपैकी २० नाडीयंत्रे आहेत. त्यांत येणारा ‘मूत्रवृद्धी’ हा शब्द पाहून आधुनिक कॅथेटरचा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण तेथे तो वृषणवृद्धीच्या एका प्रकाराचा वाचक आहे. अधिक जवळचा पुरावा चिकित्सास्थानाच्या विसाव्या अध्यायात सापडतो. मूत्राचा मार्ग संकोचला असता लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची, दोन्ही टोकांस उघडी नळी स्नेह लावून आत घालावी आणि दर तीन दिवसांनी अधिक जाड नळी योजावी, असे तेथे सांगितले आहे. ही योजना मार्ग रुंद करण्याची आहे. मूत्र साठवून बरोबर नेण्याची नव्हे.

पुढील टप्पा रबराचा. गुडइयरने १८४४ मध्ये रबराच्या गंधकसंस्काराचे स्वामित्व मिळविले, आणि १८६० च्या सुमारास फ्रेंच शल्यचिकित्सक नेलातॉं याने मऊ रबरी नळी प्रचारात आणली. तथापि ही नळी आत टिकविण्यासाठी ती बाहेरून बांधावी वा चिकटवावी लागे. अमेरिकन शल्यचिकित्सक फ्रेडरिक फोले याने टोकाशी फुगा असलेली, आपोआप आत टिकणारी नळी १९३५ मध्ये आपल्या व्यवसायबंधूंपुढे मांडली. स्वामित्वहक्काचा निवाडा त्याच्या विरुद्ध गेला, पण नळीला नाव त्याचेच राहिले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. नळी सुधारली तरी तिचे दुसरे टोक दीर्घकाळ खाटेखालच्या उघड्या बाटलीतच सोडलेले असे. अशा उघड्या पद्धतीत चार दिवसांच्या आत बहुतेक सर्व रुग्णांच्या मूत्रात जंतू आढळत. कुनिन व मॅककॉर्मॅक यांनी १९६६ मध्ये बंद पद्धतीचे परिणाम प्रसिद्ध केले, आणि नळी व पिशवी यांचा सांधा न उघडण्याचे महत्त्व प्रस्थापित झाले. या इतिहासातील खरी क्रांती नळीत नसून तिच्या टोकाशी झाली, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

आता आपल्या परिसराकडे वळू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली. पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला. आज मुंबईपासून ठाणे सुमारे ३४, डोंबिवली ४८ आणि कल्याण ५४ किलोमीटर अंतरावर आहे. या मार्गावरील उपनगरी गाड्यांत शौचालय नाही. निरोगी मनुष्यास ही केवळ गैरसोय; परंतु प्रोस्टेट ग्रंथी वाढलेला वृद्ध किंवा मेरुरज्जूला इजा झालेला तरुण यांच्या दृष्टीने तो प्रवासाला घातलेला बांधच होय. मांडीला वा पोटरीला पट्ट्यांनी बांधावयाच्या, ३५० ते ७५० मिलिलिटर मापाच्या छोट्या पिशवीने हा बांध काही अंशी फोडला. हाजीअली येथे १९५५ मध्ये स्थापन झालेली पुनर्वसन संस्था आणि खडकी येथील जायबंदी सैनिकांसाठीचे १९७४ चे केंद्र यांच्या कार्याचा विचारही या दृष्टीने व्हावयास हवा. पुनर्वसन म्हणजे केवळ चाकांची खुर्ची नव्हे.

मात्र रुग्ण घरी परतला की शुश्रूषा परिचारिकेच्या हातून सुनेच्या, पत्नीच्या वा मुलाच्या हाती जाते. त्यांना सांगितल्या जाणाऱ्या सूचना हा वरील इतिहासाचाच सारांश आहे. पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली ठेवावी, म्हणजे मूत्र उलटे चढत नाही. ती जमिनीला टेकू देऊ नये. अर्धी ते दोनतृतीयांश भरताच हात धुऊन रिकामी करावी. रात्रीची दोन लिटरची पिशवी पायावरच्या पिशवीच्या तोटीला जोडावी. मूळ सांधा उघडू नये. ताप, रक्त, किंवा मूत्र अडणे ही डॉक्टरांना ताबडतोब कळविण्याची लक्षणे होत. जागेच्या टंचाईमुळे वा संकोचामुळे पिशवी उशाशी टांगली, किंवा धुण्यासाठी वरचेवर सोडली, तर १९६६ चा धडा त्या एका खोलीपुरता पुसला जातो.

बंद पद्धतही निर्दोष नाही. महिनाभर नळी राहिल्यास जंतुप्रवेश जवळजवळ अटळ असतो. म्हणूनच लॅपिडिस याने १९७२ मध्ये रुग्णाने स्वतः वेळोवेळी नळी घालून काढण्याची स्वच्छ पद्धत पुरस्कारिली. शिवाय वापरलेल्या पिशवीचे काय करावयाचे, हा प्रश्न उरतोच. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी रुग्णालयातील नळ्या व पिशव्या लाल वर्गात घातल्या. घरातली पिशवी मात्र सहज ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळते आणि सफाई कामगाराच्या हाती लागते.

या साधनाचा स्थानिक इतिहास अद्याप लिहावयाचा आहे. त्याची साधने दप्तरखान्यात थोडी आणि घरांत अधिक आहेत : औषधाच्या दुकानांच्या पावत्या, रुग्णालयाची घरी सोडतानाची पत्रे, आणि मुख्यतः ज्यांनी वर्षानुवर्षे पिशव्या रिकाम्या केल्या त्यांच्या आठवणी. ही माणसे वृद्ध होत आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी त्यांच्या संमतीने व नावे गुप्त राखून ही माहिती नोंदविल्यास, ज्या श्रमाविषयी घरातही मोकळेपणाने बोलले जात नाही, त्याला इतिहासात स्थान मिळेल.