शोषण प्रशीतक

शोषण प्रशीतक हा उष्णतेवर चालणारा शीतकपाट (फ्रिज) असून मोटारहोम व कॅरॅव्हॅनमध्ये तो प्रोपेन वायूवर चालवितात. स्वीडनमधील बाल्टझार फॉन प्लाटेन व कार्ल मुंटर्स यांनी १९२२ मध्ये त्याची रचना केली. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले.

कार्यपद्धती

ज्योतीच्या उष्णतेने अमोनियाचे जलीय द्रावण उकळते. वेगळा झालेला अमोनिया द्रवरूप होतो व हायड्रोजनच्या सान्निध्यात त्याचे बाष्पीभवन होताना उष्णता शोषली जाते. संपीडक (कॉम्प्रेसर) नसल्याने मंद बुडबुडण्याखेरीज आवाज होत नाही.

आवाजाची कारणे

* भरभर आवाज : बर्नरमधील गंज, काजळी वा कोळ्याचे जाळे, किंवा वायूचा अयोग्य दाब.
* खडखड : धुराड्यातील सैल पत्रा.
* घरघर : पाठीमागील पंखा. नागपूरसारख्या ४५° से.पर्यंत तापणाऱ्या शहरात तो अधिक काळ चालतो.

गाडी तिरकी उभी असल्यास द्रावणाचे अभिसरण अडते व यंत्र कायमचे निकामी होऊ शकते.

सुरक्षितता

तपासणीपूर्वी सिलिंडर बंद करून यंत्र थंड होऊ द्यावे. पिवळी ज्योत अपूर्ण ज्वलन दर्शविते. त्यातून विषारी कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. अमोनियाचा उग्र वास किंवा नळ्यांवरील पिवळा थर हे गळतीचे लक्षण असून अशा वेळी यंत्र बंद ठेवून तंत्रज्ञास बोलवावे.