शेजाऱ्याने आपलं वायफाय वापरलं तर बिघडतं कुठे? सानपाड्यातल्या एका फ्लॅटची गोष्ट वाचा

नालासोपाऱ्यातल्या किंवा विरारमधल्या कुठल्याही सोसायटीत जिन्यावर उभं राहून फोनचं वायफाय चालू करा. नावांची लांबलचक यादी समोर येते. समोरच्या बिल्डिंगमधल्या कुकरची शिट्टी जिथे आपल्या हॉलमध्ये ऐकू येते, तिथे राऊटरचा सिग्नल भिंतीपाशी थांबेल ही अपेक्षाच चुकीची. जुन्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी तर भिंतींतून आरामात पलीकडे जातात.

त्या यादीतलं एखादं नाव ओळखीचं असतं. पासवर्डही कधीतरी गॅलरीतून विचारून घेतलेला असतो. मग त्यांच्याकडे आलेल्या भाच्याला तो कळतो, भाच्याच्या मित्राला कळतो, आणि संध्याकाळी आपल्याच घरात यूट्यूब गोल गोल फिरत बसतं. बहुतेकांची तक्रार इथपर्यंतच असते, की स्पीड कमी झाला. खरं तर स्पीड ही यातली सगळ्यात किरकोळ गोष्ट आहे.

२६ जुलै २००८. अहमदाबादमध्ये साखळी बॉम्बस्फोट झाले, ५० हून अधिक माणसं गेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना इंडियन मुजाहिदीनच्या नावाने एक ईमेल आला होता. पोलिसांनी त्या ईमेलचा माग काढला आणि ते पोचले नवी मुंबईत, सानपाड्यातल्या एका फ्लॅटवर. तिथे एक अमेरिकन नागरिक राहत होता. त्याचे संगणक ताब्यात घेतले गेले, कसून चौकशी झाली, देशभरातल्या वाहिन्यांवर त्याचं नाव झळकलं. शेवटी निघालं काय, तर त्याच्या घरातलं वायफाय कोणीतरी बाहेरून वापरलं होतं.

बरं, हे एकदाच झालं नाही. ऑगस्ट २००८ मधल्या पुढच्या ईमेलसाठी माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाचं नेटवर्क वापरलं गेलं आणि १३ सप्टेंबरच्या दिल्ली स्फोटांच्या वेळी चेंबूरमधल्या एका खासगी कंपनीचं. पुढे जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांची पथकं लॅपटॉप घेऊन रस्त्यांवर फिरली आणि उघडी वायफाय हुडकू लागली. फेब्रुवारीत दूरसंचार विभागानेही वायफाय सुरक्षित ठेवण्याबद्दल इंटरनेट कंपन्यांना सूचना काढल्या.

पोलीस सानपाड्याच्याच दारात का गेले, हे समजून घ्यायला हवं. घरात दहा फोन असले तरी बाहेरच्या इंटरनेटला ते दहा दिसत नाहीत. राऊटर सगळ्यांच्या वतीने एकाच आयपी पत्त्यावरून बोलतो. तो पत्ता त्या वेळी कोणाकडे होता याची नोंद इंटरनेट कंपनीकडे असते, आणि त्या नोंदीत नाव असतं बिल भरणाऱ्याचं. धमकीचा मेसेज असो, फेक प्रोफाइल असो की फसवणूक, तपास आधी त्या नावापाशी येतो. आपण ते केलेलं नाही हे पुढे सिद्ध होतंही, पण तोवर फोन आणि लॅपटॉप तपासासाठी जमा झालेले असतात.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या वायफायला पासवर्ड आहे की! आहे, पण कोणता? केबलवाला राऊटर बसवून जाताना बहुतेक वेळा ग्राहकाचा मोबाईल नंबरच पासवर्ड म्हणून टाकतो. लक्षात ठेवायला सोपा, म्हणून तोच वर्षानुवर्षं राहतो.

यातली गोम अशी. वायफायचा पासवर्ड फोडणारा माणूस तुमच्या दारात उभा राहून एकेक नंबर टाकून बघत नाही. फोन आणि राऊटर एकमेकांना ओळख पटवताना जो संवाद करतात तो हवेतून टिपायचा, घरी न्यायचा आणि संगणकावर जुळवत बसायचं, अशी त्याची पद्धत. त्यामुळे तीन वेळा चुकलं की कुलूप, असला प्रकार इथे चालत नाही. भारतातले मोबाईल नंबर दहा आकडी आणि ६ ते ९ ने सुरू होणारे, म्हणजे जास्तीत जास्त ४०० कोटी शक्यता. ऐकायला प्रचंड वाटतं. पण गेमिंगसाठी वापरतात तसलं एक दमदार ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांच्या आसपास पासवर्ड तपासतं. तासाभरात खेळ संपला.

इस्रायलमध्ये हे करून दाखवलं गेलंय. इडो हूरविच या सुरक्षा संशोधकाने तेल अवीवमध्ये फिरून ५,००० वायफाय नेटवर्कची माहिती गोळा केली आणि त्यातल्या ७० टक्क्यांहून जास्त नेटवर्कचे पासवर्ड फोडले. हे संशोधन २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. तिथेही लोकांची सवय आपल्यासारखीच, पासवर्ड म्हणजे मोबाईल नंबर.

म्हणून पासवर्ड अवघड असण्यापेक्षा लांब असणं जास्त कामाचं. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द इंग्रजी अक्षरांत जोडून लिहायचे. सुकेळी, रिक्षा, चष्मा, फलाट असे काहीही (हेच चार मात्र आता नकोत). घरच्या आजींनाही ते पाठ होतात आणि मशीनला मात्र जड जातात. मर्यादा ६३ अक्षरांपर्यंत आहे, त्यामुळे कंजुषी करायचं कारण नाही.

हा बदल राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन करायचा. त्याचा पत्ता राऊटरच्या खालच्या स्टिकरवर असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. तिथे शिरायचा पासवर्ड वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो, आणि कित्येक घरांत तो अजून कंपनीने दिलेला ‘ॲडमिन’च आहे. तो आधी बदला. मग सुरक्षेचा प्रकार बघा. डब्ल्यूपीए२ किंवा नव्या राऊटरवर डब्ल्यूपीए३ हवं. डब्ल्यूईपी दिसलं तर ते २००१ सालीच मोडीत निघालंय, राऊटर बदलण्याची वेळ झाली समजा.

तिथेच डब्ल्यूपीएस नावाची एक सोय असते, ती बंद करून टाका. पासवर्ड न टाकता आठ आकडी पिनने जोडून घेण्याची ही सोय. पण त्यातला शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो आणि राऊटर पिनचे दोन तुकडे वेगवेगळे तपासतो. त्यामुळे दहा कोटींऐवजी फक्त ११,००० प्रयत्न पुरतात. ही खोट २०११ च्या डिसेंबरमध्ये जगासमोर आली, तरी ते बटण अजून कित्येक राऊटरवर आहे.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या दोन युक्त्या मात्र फारशा उपयोगाच्या नाहीत. एक म्हणजे वायफायचं नाव लपवणं. साध्या मोफत सॉफ्टवेअरला लपवलेलं नेटवर्क दिसतं. दुसरी, ठरावीक मॅक पत्त्यांनाच परवानगी देणं. तो पत्ता बदलता येतो, आणि हल्लीचे फोन तर गोपनीयतेसाठी स्वतःच बदललेला पत्ता दाखवतात. त्यामुळे जोडलेल्या उपकरणांच्या यादीत अनोळखी नाव दिसलं की लगेच शेजाऱ्यांवर शंका घेऊ नका. तो आपलाच टीव्ही किंवा मुलीचा जुना फोन असू शकतो. नवा पासवर्ड टाका, आपली उपकरणं एकेक करून जोडा, उरलेले आपोआप बाहेर जातात.

पाहुण्यांना नाही म्हणवत नाही, हेही खरं. त्यासाठी बऱ्याच राऊटरवर गेस्ट नेटवर्क असतं. त्यावरून इंटरनेट मिळतं, पण घरातला कॅमेरा किंवा लॅपटॉप दिसत नाही. बिलावरचं नाव मात्र तुमचंच राहतं, म्हणून पाहुणे गेले की ते बंद करा.

वसई-विरारमध्ये भाड्याची घरं भरपूर आणि करार अकरा महिन्यांचे. घरमालकाच्या नावावरचं कनेक्शन तसंच राहतं आणि आधीच्या भाडेकरूच्या फोनमध्ये पासवर्डही. घर बदलताना राऊटरच्या मागचं छोटं रिसेट बटण पिनेने दहा-पंधरा सेकंद दाबून धरलं की जुन्या सेटिंग पुसल्या जातात. त्याआधी केबलवाल्याला फोन करून कनेक्शनचं युजरनेम आणि पासवर्ड कागदावर लिहून घ्या, नाहीतर रिसेटनंतर इंटरनेटच चालू व्हायचं नाही.