चंचीतला चुना

अंधारातच तुम्हाला जाग येते ती जात्याच्या घरघरीनं. साल 1936, आश्विन सरत आलाय. गाव कन्नडपासून कोस-दोन कोसांवर, शिवना नदीच्या अंगाला. मुलूख निजामाचा, मीर उस्मान अली खान गादीवर बसले त्याला यंदा पंचवीस वर्षं झाली. उत्तरेला डोंगराची कड आहे. तिथून औट्रम घाट उतरलात की इंग्रजांचं खानदेश लागतं, पुढं चाळीसगाव आणि आगगाडी. घाटाच्या वर निजामाचा हाली रुपया चालतो, खाली इंग्रजांचा कलदार. घाटाला नाव मात्र वरच्या नबाबाचं नाही आणि खालच्या शेतकऱ्याचंही नाही. खानदेशात भिल्लांची पलटण उभी करणाऱ्या जेम्स औट्रम या गोऱ्या साहेबाचं आहे.

तुम्ही कोण, कुठले, हे कुणी विचारत नाही. पाव्हणं आलंय म्हणजे कुठून तरी आलंच असणार.

‘‘बस, लेकरा. धर खुंटा.’’

जात्यापाशी बसलेली बाई चाळिशीची असेल, पण घरात सगळे तिला आजीच म्हणतात. तुम्ही समोर बसून खुंट्याला हात लावता. पहिला घास पडतो आणि जातं तडतडतं. हा मका गावठी, दाणा काचेगत कडक. जवारीची सवय असलेला हात दोन फेऱ्यांत भरून येतो. आजी दळते ते फक्त आजच्यापुरतं. मक्याच्या दाण्याच्या पोटात जो कोंब असतो त्यात तेल असतं. जात्यावर तो कोंबही पिठात दळला जातो आणि चार दिवसांत पिठाला खवट वास मारायला लागतो. म्हणून जवारीसारखं आठवड्याचं दळण यात जमत नाही. चाळणीतून खाली उतरलेलं बारीक पीठ भाकरीला, वर राहिलेल्या कण्या ताकात शिजवायला.

मका या घरात काही मानाचं धान्य नाही. बाजरी नुकती खळ्यावर आलीय, शाळू तर माघ-फाल्गुनाशिवाय हाताला लागायचा नाही. विहिरीच्या कडेच्या चार ओळी तेवढ्या आधी तयार झाल्या, म्हणून मका. उरलेलं पोट तो भरतो आणि मग वर्षभर त्याची कुणी आठवण काढत नाही.

चुलीवर पाणी कढतंय. चुलीपुढं घरातली सून बसलीय, बारा वर्षांची. नाकातली नथ तिच्या चेहऱ्याला अजून मोठी होते. काल तिनं कोमट पाण्यात पीठ भिजवलं होतं आणि भाकर काटवटीतून उचलताना तिचे चार तुकडे झाले होते. आज आजी तिला बोलत नाही, तुम्हाला सांगते. ऐकायचं सुनेनंच असतं.

‘‘पानी असं कढलं पाहिजे की वतताना आवाज व्हावा. हात भाजला तर भाजू दे.’’

काटवटीत पीठ, पिठात मिठाची चिमूट, वरून उकळतं पाणी. आजी उलथण्यानं ते फिरवते आणि वर ताटली झाकते. इथं थोडं थांबायचं. गव्हाच्या कणकेला चिवटपणा देणारं जे असतं ते मक्यात नाही; कितीही मळा, तार धरणार नाही. त्यातल्या पिष्टाचा थोडा भाग उकळत्या पाण्यानं तिथल्या तिथं शिजतो, त्याची खळ होते आणि ती खळच उरलेल्या पिठाला बांधून ठेवते. आजीला यातला एकही शब्द ठाऊक नाही, पण झाकण किती वेळ ठेवायचं हे पक्कं ठाऊक आहे.

मग मळणं. एका वेळी एकाच भाकरीपुरतं, तळहाताच्या टाचेनं, रेटून रेटून. सगळा गोळा एकदम मळून ठेवला तर शेवटच्या भाकरीला कडा फाटणारच. आजी थापायला घेते. बोटं पसरलेली, भाकर तळहाताखाली आपोआप फिरते. कडेला भेग दिसली की ओलं बोट फिरवून ती मिटवायची. तव्यावर टाकली की वरच्या अंगाला पाण्याचा हात, मग उलटायची, आणि शेवटी तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यापुढं उभी करायची. बाजरीची टम्म फुगते. मक्याची फुगलीच तर एका अंगानं. पिवळ्यावर तांबूस डाग पडतात आणि भाजलेल्या कणसाचा वास घरभर होतो.

तुमच्यापुढं जेवण येतं. गरम भाकर, शेंगदाणे आणि हिरव्या मिरचीचा ठेचा, वाटीत पातळ वरण, लोटीत ताक. लगेच खायचं, कारण गार झाली की ही भाकर घट्ट होऊन बसते. चावता चावता तुमच्या ध्यानात येतं की ताटातल्या तीन जिनसा, मका, मिरची आणि शेंगदाणा, समुद्रापलीकडच्या आहेत. साडेचारशे वर्षांमागं यातलं काहीही सह्याद्रीच्या या अंगाला नव्हतं. आजीला सांगितलंत तर ती हसेल. तिच्या लेखी मिरची काय, आदिमायेनंच पेरली.

जेवण झाल्यावर ती कनवटीची चंची सोडते. पान, सुपारी, तंबाखू आणि पितळेची चुन्याची डबी. अंगठ्याच्या नखानं पानाला चुना लावते. तुमची नजर त्या डबीवर खिळते आणि तिथूनच तुम्ही घसरता, चारशे-साडेचारशे वर्षं मागं आणि अर्ध्या पृथ्वीपलीकडं.

*

पुन्हा पहाट, पुन्हा दगडाचा आवाज. हा मेक्सिकोच्या पठारावरचा एक गाव, आणि स्पेनची जहाजं किनाऱ्याला लागायला अजून काही वर्षं अवकाश आहे. स्पॅनिश सेनानी कोर्तेस येणार 1519 ला. बाई गुडघ्यांवर बसून पाट्यावर वाटतेय. तीन पायांचा उतरता पाटा आणि दोन हातांत धरायचा वरवंटा. पण पाट्यावर कोरडं पीठ नाही, ओला मका आहे. काल संध्याकाळी तिनं तो चुन्याच्या पाण्यात उकळला, रात्रभर तसाच ठेवला, सकाळी खळखळून धुतला. दाण्याचं टरफल हाताला सुटून आलं. वाटलेला गोळा मऊ आहे आणि चिकटही. त्यातला लहानसा गोळा घेऊन ती दोन हातांच्या मध्ये थापटत जाते आणि मातीच्या तव्यावर टाकते. पीठ लावावं लागत नाही, कड फाटत नाही. भाजलेली पोळी तुम्ही घडी घालून पाहता; मोडत नाही.

चुना एवढ्यावर थांबत नाही. मक्यात नायसिन नावाचं जीवनसत्त्व असतं, पण ते अशा बंधनात की पोटाला लागत नाही. चुन्याच्या पाण्यात ते मोकळं होतं. ही रीत किमान तीन हजार वर्षांची आहे. ती शोधणाऱ्या बायकांना जीवनसत्त्व माहीत नव्हतं. घरादाराची तब्येत माहीत होती.

मग जहाजं आली आणि दाणा घेऊन गेली. रीत घेतली नाही. ती बायकांच्या हातात होती आणि बायकांना विचारावं असं कुणाला वाटलं नसावं. पुढची किंमत मोठी झाली. 1735 मध्ये स्पेनमधल्या अस्तुरियास प्रांतात गास्पार कासाल या वैद्यानं मक्यावर जगणाऱ्या गरिबांचा एक नवा रोग टिपून ठेवला. उन्हाला उघडी राहणारी कातडी काळवंडते आणि सोलते, मग हगवण, मग भ्रम. इटलीत त्याला पेलाग्रा म्हणू लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेत त्यानं हजारो माणसं मारली, आणि ती मक्याचा पाव खाणारी माणसं होती. हा रोग संसर्गाचा नाही, जेवणाचा आहे, हे जोसेफ गोल्डबर्गर नावाच्या डॉक्टरला लोकांच्या गळी उतरवता उतरवता आयुष्य पुरलं नाही. नायसिनचा उलगडा झाला 1937 मध्ये, तो वारल्यानंतर आठ वर्षांनी.

पोर्तुगिजांच्या मागून आपल्याकडंही दाणा आला तो एकटाच. कन्नडच्या आजीच्या चंचीत चुना तयार होता, मक्यापासून दोन हातांवर. त्यांची गाठ कुणी घालून दिली नाही. तरी तिच्या घराला पेलाग्रा झाला नाही, कारण मका तिथं दोन महिन्यांचा पाहुणा होता आणि ठेच्यातल्या शेंगदाण्यात नायसिन भरपूर असतं. आपल्या दख्खनेत हा रोग निघाला तो ज्वारीवरच दिवस काढणाऱ्यांत. हैदराबादच्या गोपालन आणि श्रीकांतिया यांनी 1960 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तसं लिहिलं.

*

1973, वैशाख. तेच घर. नथवाली सून आता पन्नाशीला आलीय आणि तीच सासू आहे. विहिरीला तळ दिसतो, मक्याच्या ओळी कुठल्या असायला? बहात्तरच्या दुष्काळाचं हे दुसरं टोक. सकाळी सगळं घर दुष्काळी कामावर जातं, पाझर तलावाची माती उपसायला नाहीतर खडी फोडायला. लहान पोरांना सुकडी मिळते. रेशनला लाल मिलो आलाय, अमेरिकेतली ज्वारी. गोणीभोवती उभ्या असलेल्या रांगेत तुम्हीही उभे आहात. मिलोची भाकर लालभडक आणि वातड, आणि गावात तिला नावं ठेवणं चाललंय. ती नावं इथं लिहिण्याजोगी नाहीत.

बाविशीची नवी सून, हाताला टोपल्याचे घट्टे, मिलोचं पीठ घेऊन बसलीय आणि रडकुंडीला आलीय. सासू तिच्यापुढं कढत्या पाण्याचं पातेलं आणून ठेवते.

‘‘मक्यावानी कर. पानी कढलेलं पाहिजे.’’

भाकर कशीबशी उतरते. भाकरीचा हात आईकडून लेकीकडं गेला असं म्हणायची आपल्याकडं पद्धत आहे, पण लेक तर सासरी जाते. एका चुलीचं ज्ञान त्याच चुलीवर राहतं ते सुनेच्या हातात, आणि बहुधा टोमण्यांसकट.

*

आताचा कार्तिक. हमरस्त्यावरून कन्नड गाठता गाठता दोन्ही बाजूंना ताडपत्र्यांवर मका वाळत पडलेला. चार ओळींचं पीक आता शिवारं व्यापून आहे. 2018 मध्ये अमेरिकन लष्करी अळी देशात आली आणि पोंगे पोखरून गेली, तरी पेरा मोडला नाही. बाजारात व्यापारी मूठभर दाणे मशीनमध्ये टाकतो आणि ओलावा वाचतो. चौदा टक्क्यांच्या वर गेला की भाव खाली. 2025–26 चा हमीभाव क्विंटलला 2400 रुपये, तो हातात पडेलच असं नाही. इथून मका जातो कोंबड्यांच्या खाद्याला, स्टार्चच्या कारखान्याला आणि अलीकडं इथेनॉलला. एवढा पिकतो आणि गावातल्या ताटात दिसत नाही, याचं तुम्हाला नवल वाटतं. गावाला वाटत नाही. मक्याची भाकर म्हणजे नडीची भाकर, ही ओळख अजून पुसलेली नाही.

बाविशीची ती सून आता पंचाहत्तरीला टेकलीय. या खेपेला तुम्ही रिकाम्या हातानं आलेला नाही. तुमच्याजवळ खाण्याच्या चुन्याची पुडी आहे. घरच्या खळ्यावरचा किलोभर मका तुम्ही निवडून घेता. बियाण्याच्या पिशवीतला गुलाबी रंगाचा नाही, तो औषध लावलेला असतो, जनावरालाही घालू नये. तीन लिटर पाणी, दहा ग्रॅम चुना, पाऊण तास मंद उकळी, मग रात्रभर झाकून. पातेलं स्टीलचं, अॅल्युमिनियमचं नको; चुना ते खातो. सकाळी चार पाण्यांनी धुताना टरफलं वर तरंगतात आणि दाण्याचा पिवळा रंग कालच्यापेक्षा गडद झालेला असतो. मिक्सर पाणी मागतो आणि पाणी घातलं की गोळा पातळ होतो, म्हणून पाटा-वरवंटा. आजीबाई अंगणातला पाटा धुऊन देतात खऱ्या, पण बसायला तयार नाहीत.

‘‘चुना पानाला असतोय. भाकरीला कुनी लावला?’’

तुम्ही वाटता, थापता. भेग पडत नाही. तव्यावरून उतरलेली भाकर तुम्ही त्यांच्यापुढं घडी करून दाखवता. त्या तुकडा मोडतात, आधी नाकाशी नेतात, मग ठेच्याला लावतात. दुसरा तुकडा न विचारता मोडतात.

‘‘वास चांगला हाय. पर जाडी एकसारखी नाही, आन् मीठ कुटं हाय?’’ मग पदर खोचून पाट्याकडं सरकत, ‘‘ऊठ तिथून. उरलेला मी वाटते.’’