मांडवीची खोटी चिठ्ठी

सुरत म्हटले की मराठी माणसाला शिवरायांच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या आठवतात. त्याच सुरत जिल्ह्यात तापीकाठी मांडवी नावाचे गाव आहे. कच्छचे बंदर ते वेगळे. या मांडवीच्या नावावर पक्षिशास्त्रातील एक मोठी लबाडी जमा आहे आणि तिचा धागा थेट आपल्या शहाद्याशी जुळतो.

ही हकीकत रानपिंगळ्याची. गावातल्या जुन्या झाडांवर कलकलाट करणारा पिंगळा सर्वांच्या ओळखीचा. रानपिंगळा त्याचा रानातला भाऊबंद. मात्र याच्या माथ्यावर पांढरे ठिपके जवळजवळ नसतात आणि हा दिवसाउजेडी सरडे, उंदीर, कीटक टिपतो. १८७२ साली ब्लेविट याला तो आजच्या छत्तीसगडात मिळाला. पुढच्याच वर्षी ॲलन ह्यूमने, म्हणजे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणाऱ्या त्याच ह्यूमने, त्याला ब्लेविटचे नाव दिले. नंतर खानदेशात नोकरीस असलेल्या जेम्स डेव्हिडसनने शहादा-तळोद्याच्या रानातून काही नमुने मिळवले. त्यांतील शेवटचा १८८४ चा. त्यानंतर पक्षी जणू नाहीसाच झाला.

नाही म्हणायला एक नोंद होती. कर्नल रिचर्ड मायनर्ट्झहागेन या नामवंत संग्राहकाच्या नमुन्यावर चिठ्ठी होती : मांडवी, १९१४. ती कित्येक वर्षे खरी मानली गेली. पुढे पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो नमुना बारकाईने तपासला. आतले भरण बदललेले होते, शिवण पुन्हा घातलेली होती. पण मूळची धाटणी डेव्हिडसनच्या हातची होती. संग्रहालयातला जुना नमुना चोरून त्यावर नवे गाव, नवे साल चिकटवले होते! १९९९ साली त्यांनी हे सप्रमाण प्रसिद्ध केले.

खोटी नोंद निरुपद्रवी नसते. ती शोधणाऱ्याची पावले भलत्याच रानाकडे वळवते. रासमुसेनबाईंनी मांडवी बाजूला ठेवून खऱ्या चिठ्ठ्यांवरची जुनी ठिकाणे धरली. पूर्वेकडे हाती काही लागले नाही. मग बेन किंग व डेव्हिड ॲबट यांच्यासह त्या शहाद्याकडे आल्या आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, ११३ वर्षांनी, रानपिंगळा जिवंत दिसला. पुढे तोरणमाळ, मेळघाट, तानसा येथेही तो आढळला. सुरतेच्या शेजारच्या डांगमधील पूर्णा अभयारण्यातली त्याची नोंद २०१५ साली प्रसिद्ध झाली. गुजरातेत तो आहे, हे अखेर सिद्ध झाले, पण खऱ्या पुराव्याने.

आज तो जगाच्या संकटग्रस्त यादीत आहे. साग तुटतो, अतिक्रमणे वाढतात, ढोलीची जुनी झाडे सरपणात जातात. घुबड अशुभ म्हणून त्याच्या जातभाईंच्या जिवावर उठणारेही आहेत. या पक्ष्याला वाचवायचे तर आधी तो ओळखता आला पाहिजे. आमच्या सातपुड्यातल्या आदिवासी मुलाला पिंगळ्याची ढोली ठाऊक असते. नसते ती लिहिण्याची सवय. त्याच्या हाती वही द्यावी आणि सांगावे : पाहिलेस ते लिही, कुठे नि केव्हा ते लिही, दिसले नाही तर तेही लिही.

एका कर्नलच्या खोट्या चिठ्ठीने जे बिघडले, ते अशा खऱ्या नोंदींनीच सुधारेल.